तारखेचं गणित, भागाकाराशिवाय

द्राक्षांच्या शीतगृहात ठेवायच्या तापमान-लॉगरचं, म्हणजे तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचं, फर्मवेअर (चिपमधलं सॉफ्टवेअर) मी लिहिते. त्यातली चिप कॉर्टेक्स-एम० आहे आणि तिला भागाकार येत नाही. सी या प्रोग्रॅमिंग भाषेत / (भागाकार) किंवा % (बाकी) लिहिलं की कंपायलर, म्हणजे कोड चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, बहुतेक वेळा लायब्ररीतलं फंक्शन बोलावतो आणि बेरजेच्या कितीतरी पट सायकल (चिपच्या घड्याळाचे ठोके) खर्ची पडतात. लॉगर सेलवर चालतो. चिप जितक्या लवकर झोपेल तितका सेल जास्त टिकतो, म्हणून तारखेच्या कोडमधला प्रत्येक भागाकार मी हुडकून काढते.

लॅपटॉपवरच्या कोडमध्ये मात्र हाताने / ४ चं >> २ (संख्या दोन बिट, म्हणजे दोन द्विमान अंक, उजवीकडे सरकवणं) करत बसू नका. ते कंपायलर स्वतःच करतो. खरा फायदा कॅलेंडरची घडण नीट पाहिली तरच होतो.

लीप वर्षाचंच बघा. ४ ने भाग जावा, १०० ने जाऊ नये, गेलाच तर ४०० नेही जावा. आता १०० म्हणजे ४ × २५ आणि ४०० म्हणजे १६ × २५. म्हणजे २५ ने भाग जातो की नाही एवढं एकदा कळलं, की उरलेली तपासणी फक्त ४ ची किंवा १६ ची, आणि ती तर शेवटचे बिट पाहून होते (& ३ म्हणजे शेवटचे दोन बिट, & १५ म्हणजे शेवटचे चार; २५ ने भाग जात नसेल तर ३ घ्यायचे, जात असेल तर १५):

लीप = (वर्ष & (वर्ष % २५ ? ३ : १५)) == ०

१९०० & १५ म्हणजे १२, लीप नाही. २००० & १५ म्हणजे ०, लीप आहे. माझ्या लॉगरला २०९९ च्या पुढे जायचंच नाही, त्यामुळे तिथे नुसतं वर्ष & ३ पुरतं. पण दोन भागाकार गाळून टाकणारी ही वाट मला फार आवडते.

महिन्याचे दिवस आपण लहानपणी मुठीवर मोजले आहेत: उंचवट्यावर ३१, खळग्यात ३०, जुलैला शेवटचा उंचवटा, ऑगस्टला पुन्हा पहिल्यापासून. जुलैपर्यंत विषम महिने ३१ चे आणि ऑगस्टपासून सम महिने. हा पालट बरोबर ८ वर होतो, आणि ८ म्हणजे चौथा बिट. म्हणून फेब्रुवारी सोडून (म हा महिन्याचा क्रमांक; ^ म्हणजे एक्सॉर, दोन बिट वेगळे असतील तरच १; | म्हणजे दोनपैकी एक तरी बिट १ असेल तर १):

दिवस = ३० | (म ^ (म >> ३))

बारा बाइटचं टेबलही लागत नाही.

सगळ्यात सुंदर भाग मात्र दिवसांच्या अनुक्रमांकावरून तारीख काढण्याचा. वर्ष १ मार्चला सुरू झालं असं धरायचं, म्हणजे लीपचा जादा दिवस अगदी शेवटी जातो आणि मधल्या कुठल्याच महिन्याला धक्का लागत नाही. कॅसिओ नेरी आणि लॉरेन्झ श्नायडर यांनी २०२२ साली छापलेल्या लेखात ही पद्धत आहे, आणि लिनक्स कर्नलच्या (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) घड्याळाच्या कोडमध्येही ती आहे. १ मार्चला ० धरून दिवस मोजा, २१४१ ने गुणा, १९७९१३ मिळवा. उत्तराचे वरचे बिट (>> १६) म्हणजे महिना. खालच्या १६ बिटांना २१४१ ने भागलं की तारीख, शून्यापासून मोजलेली. महाराष्ट्र दिन घ्या: १ मे हा ६१ वा. ६१ × २१४१ + १९७९१३ = ३२८५१४. वरचे बिट ५, म्हणजे मे. खाली उरले ८३४, त्याला २१४१ ने भागून ०, म्हणजे पहिली तारीख. महिना १३ किंवा १४ आला तर १२ वजा करायचे आणि वर्ष एकने वाढवायचं.

शेवटचा भागाकारही मी ठेवला नाही. संख्या १६ बिटांचीच असल्यामुळे ३१३४५ ने गुणून २६ बिट सरकवले की तेच उत्तर येतं, आणि गुणाकार ३२ बिटांत मावतो. हे सगळं ४०० वर्षांच्या १,४६,०९७ दिवसांवर लॅपटॉपवर ताडून पाहता येतं आणि पाहावंच. असा कोड चाचणीशिवाय कुणाच्या हाती देऊ नये.

आता लॉगरच्या पडद्यावर राष्ट्रीय दिनांकही दाखवायचा आहे. मेघनाद साहांच्या समितीने सुचवलेली ही दिनदर्शिका १ चैत्र १८७९, म्हणजे २२ मार्च १९५७ पासून लागू झाली. तिच्यात वैशाख ते भाद्रपद सलग ३१ चे आणि बाकी महिने ३० चे, त्यामुळे ना मूठ लागते ना एक्सॉर. म अनसाइन्ड (ऋण होऊच न शकणारा) ठेवला की एका तुलनेत काम होतं:

दिवस = ३० + ((म - २) < ५)

चैत्रासाठी म - २ उलटून प्रचंड मोठी संख्या होते आणि तुलना आपोआप खोटी ठरते. लीप वर्षात चैत्राला मिळणारा जादा दिवस तेवढा वेगळा पाहायचा: शक वर्षात ७८ मिळवायचे आणि येणारं वर्ष वरच्याच लीपच्या ओळीतून काढायचं.