रसमचा फेस

परवा दुपारी माटुंग्याच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानात ईयचोंबू दिसला आणि मी उगीचच तो हातात घेऊन पाहिला. पितळेला कल्हई करतात त्याच कथलाचे हे रसमचे भांडे, तेही वजनावर विकायला ठेवलेले. कथील २३२ अंशांना वितळते, त्यामुळे ते रिकामे कधीच विस्तवावर चढवायचे नसते; आत रसम आहे तोवर काळजी नाही.

आमच्या समोर राहणाऱ्या पालक्काडच्या मामींकडे असाच एक होता, बुडाशी जरासा पोचलेला. चिंचेचा कोळ त्याचा कच्चा वास जाईपर्यंत त्या उकळू देत, मग शिजलेल्या तुरीच्या डाळीचे पाणी ओतत, आणि त्यानंतर मात्र डाव बाजूला ठेवून नुसत्या पाहत उभ्या राहत. कडेने पिवळसर फेस जमून मध्याकडे सरकू लागला की गॅस बंद. त्यावर खळखळून उकळी आली, तर मामींच्या लेखी ते रसम उरत नसे. मग तुपातली मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी चुरचुरत पडे आणि आमच्या दारापर्यंत वास येई.

मी यातले बरेच काही सोडून दिले आहे. धणे, तूरडाळ, मिरी आणि सुक्या मिरच्या भाजून रसमपूड करण्याचा खटाटोप मी करत नाही. मिरी-जिरे खलबत्त्यात ओबडधोबड कुटते आणि मामींच्या सोवळ्यात ज्याला मज्जाव होता तो लसूणही त्यातच ठेचते. डाळ शिजवत नाही. याला आधार तिकडचाच आहे, कारण सर्दी-पडशाला तमिळ घरांत होणारे मिरी-जिऱ्याचे रसम पुष्कळदा बिनडाळीचेच असते. चिंचेऐवजी आमसुले टाकण्याला मात्र कुठलाच आधार नाही. ती हाताशी असतात, एवढेच. फेसाचा नियम तेवढा मोडवत नाही, साध्या स्टीलच्या पातेल्यातसुद्धा.

सांबारभात, मग रसमभात, शेवटी दहीभात हा जेवणाचा क्रमही माझ्याकडे उरलेला नाही. मी ओट्याशी उभी राहून पेल्यातूनच रसम पिते. घरच्यांचे म्हणणे, हे लसूण घातलेले आमसुलाचे सार आहे. असेलही, वाद घालत बसले तर ते गार होते.