एका रात्रीपुरता ऊस

कारखान्यांचं गाळप सुरू झालं की जुन्नर वनविभागातल्या आम्हा वनरक्षकांचे फोन थंड होत नाहीत. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांत धरणा-कालव्यांच्या पाण्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्या. इथल्या कित्येक बिबट्यांचा जन्मच उसातला. तोडणीत पाचटाखाली पिल्लं सापडतात. ती त्याच जागी ठेवून आईच्या ताब्यात द्यायची, ही आमची पद्धत. जागा मात्र आमची नसते.

त्या दिवशी फोन मुकादमाचा आला. टोळी बीडकडची. "मॅडम, दोन हायेत. आधी वाटलं मांजराची."

मी पोचले तोवर कोयते थांबले होते आणि बांधावर निम्मं गाव मोबाईल काढून उभं होतं. पिल्लांचे डोळे उघडलेले, पण पाय अजून लटपटत होते. प्रत्येकाला ती मांडीवर घेऊन फोटो हवा होता, त्यामुळे पहिला तास माणसं मागे सारण्यातच गेला. लिंबाच्या झाडाला टोळीतल्या एकीचं तान्हं झोळीत झोपलेलं. त्याला आणि त्याच्या आईला आधी कोप्यांकडे, टोळीच्या झोपड्यांकडे पाठवलं.

मग मालक. सातबाऱ्यावर नावं पुष्कळ, पण ऊस लावणारे एकच. साठी ओलांडलेले, सगळे त्यांना अण्णा म्हणत होते, मीही अण्णाच म्हटलं. "अण्णा, पिल्लं सापडली तेवढे पाच-सहा गुंठे आज उभे ठेवा. अंधार पडला की आई येऊन घेऊन जाईल."

अण्णांनी टोपी काढून डोकं पुसलं. "माझी कालवड खाल्ली, तेव्हा मी विचारलं, मारू का? तुमचे साहेब म्हणाले, नागपूरची लेखी परवानगी लागते, आणि तीही माणसाच्या जिवावर आलं तरच. आणि त्याचीच पिल्लं माझ्या उसात ठेवायला माझी तोंडी परवानगी चालती का?"

माणसं हसली. मला हसता येईना, कारण कायदा ते बरोबर सांगत होते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारायचा आदेश नागपूरच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनीच काढायचा, लेखी आणि कारणांसह. कालवड हे त्यातलं कारण नव्हे. आणि अण्णांचा ऊस उभा ठेवायला लावेल असा कागद माझ्याजवळ नव्हता. कायद्याचा धाक घालून काम उरकणारे असतात. तसा मिळवलेला होकार अंधार पडेपर्यंतच टिकतो, असं माझं मत आहे.

त्यांचं नुकसानही खोटं नव्हतं. तोड मिळायला महिनाभर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात खेटे घातलेले. ट्रॅक्टर रानात आलेला. तो रिकामा गेला तर परत कधी, सांगता येत नाही. शेजारच्या वावरात गहू पाण्याला आलेला आणि त्या आठवड्यात पंपाची लाईट रात्रीची. म्हणजे मी त्यांना गव्हाच्या पाण्याची पाळीही सोडायला सांगत होते.

"न्या की माणिकडोहला," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. हे दर वेळी येतं. माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात बाटलीने वाढवलेलं पिल्लू परत रानात सोडता येत नाही, त्याचा जन्म पिंजऱ्यात जातो. शिवाय २००१नंतरच्या दोन-तीन वर्षांत या भागातून शंभराहून जास्त बिबटे पकडून बरेचसे लांब सोडले, तर जिथे सोडले तिथे माणसांवरचे हल्ले वाढले. हे सगळं मी सांगितलं. अण्णा ऐकत होते, पटलेलं दिसत नव्हतं.

बोलला तो मुकादम. "अण्णा, पिल्लं नेली तर माय रातभर हुडकत फिरंल. आमच्या कोप्या वढ्याच्या कडंला हायेत. ठेवा तिथंच. आम्ही दुसऱ्या टोकानं तोडतो, ट्रॅक्टर मोकळा जाऊ देत नाही."

या व्यवहारात सगळ्यात जास्त धोका ज्यांना होता, त्यांनीच तिढा सोडवला. त्यांची परवानगी आमच्या कुठल्याच कागदात येत नाही.

अण्णांनी अटी घातल्या. एकच रात्र. सकाळी आठला कोयता लागणार, पिल्लं राहिली तर तुम्ही उचलायची. "आणि गव्हाची पाळी वनखात्याच्या नावावर मांडतोय."

पुढचं काम सरावाचं. माणिकडोहहून आलेल्या डॉक्टरांनी पिल्लं तपासली, गोचिड्या काढल्या, कातडीखाली चिप बसवली. दिवस मावळताना पाचट घातलेल्या क्रेटमध्ये ती सापडल्या जागी ठेवली, कॅमेरे लावले आणि आम्ही लांब रस्त्यावर गाडीत जाऊन बसलो. नऊच्या सुमारास मादी आली. तिने क्रेट आडवा पाडून एकाला मानेला धरून नेलं आणि थोड्या वेळाने दुसऱ्यासाठी परत आली.

सकाळी टोळी आठच्या आधीच हजर. अण्णांनी माझ्या मोबाईलवर फोटो पाहिले, एक मोठा करून पाहिला. "चांगली दांडगी हाये," म्हणाले. मग फोन परत देत विचारलं, "आता घराजवळ पिंजरा लावायचा अर्ज कसा लिहायचा, तेवढं सांगा."

गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून मी मजकूर सांगितला, त्यांनी लिहिला. सही करताना मान वर न करता म्हणाले, "हापण नागपूरलाच जाणार ना?"

"हो अण्णा," मी म्हटलं आणि अर्ज पिशवीत घातला.