मेलेल्या पॉडांच्या नावाने साठलेले मेसेज: अ‍ॅक्टिव्हएमक्यूचा माझा अनुभव

ऑर्डरचं बटण दाबलं की चक्री नुसती फिरत राहते, एवढीच तक्रार सपोर्टकडून आली होती. ऑर्डर सर्व्हिसच्या लॉगमध्ये एकही एरर नाही, सीपीयू निवांत, डेटाबेस निवांत. थ्रेड डम्प, म्हणजे प्रत्येक थ्रेड त्या क्षणी काय करतोय याची नोंद, काढला तेव्हा कळलं की मेसेज पाठवणारे सगळे थ्रेड ब्रोकरच्या, म्हणजे सर्व्हिसेसमध्ये मेसेजांची ने-आण करणाऱ्या अ‍ॅक्टिव्हएमक्यूच्या, पोचपावतीची वाट बघत लटकलेत.

इन्फ्रामधल्या सीनियरला विचारलं. तो म्हणाला, "अगं, अ‍ॅपचे लॉग काय चाळत बसलीस? ब्रोकरचं कन्सोल उघड आधी." 8161 पोर्टवर कन्सोल उघडलं. पहिल्याच पानावर दिसलं, स्टोअर, म्हणजे मेसेज साठवायची डिस्कवरची जागा, 100 टक्के भरलेलं. अ‍ॅक्टिव्हएमक्यूचं स्टोअर भरलं की तो पाठवणाऱ्याला एरर देत नाही, नुसता थांबवून ठेवतो. याला प्रोड्युसर फ्लो कंट्रोल म्हणतात आणि डिफॉल्टमध्ये तो चालूच असतो. ब्रोकरच्या लॉगमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलंही होतं, पण ते लॉग आमच्या डॅशबोर्डवर येतच नव्हते.

मग सबस्क्रायबर्सचा टॅब उघडला. तिथे चालू ड्युरेबल सबस्क्रायबर (जोडलेले नसतानाही ज्यांचे मेसेज राखून ठेवले जातात ते) वेगळे आणि ऑफलाइन वेगळे दाखवतात. चालू होते दोन. ऑफलाइनची यादी मात्र स्क्रोल करून संपेना. प्रत्येकाचं नाव 'गोदाम'ने सुरू होणारं आणि पुढे कुबरनेटीसच्या पॉडची, म्हणजे अ‍ॅपच्या एकेका चालू प्रतीची, ती विचित्र अक्षरांची शेपटी. प्रत्येकासमोर न उचललेल्या मेसेजांचा आकडा. जितकं जुनं नाव, तितका आकडा मोठा. भाडेकरू कधीच घर सोडून गेलाय आणि पोस्टमन त्याच्या नावाची पत्रं दारात टाकतोच आहे, तसला प्रकार.

हे झालं कसं, ते गिटच्या इतिहासात टप्प्याटप्प्याने सापडलं. गोदामाचं अ‍ॅप स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कवरचं, आवृत्ती जुनी, 2.7. त्यात पब-सब-डोमेन नावाची सेटिंग डिफॉल्टला 'फॉल्स' असते, म्हणजे लिसनर (मेसेज घेणारा कोड) टॉपिकवर नाही तर क्यूवर ऐकतो. टॉपिकवरचा मेसेज प्रत्येक ऐकणाऱ्याला मिळतो, क्यूवरचा कोणातरी एकालाच. ऑर्डर सर्व्हिस 'ऑर्डर.स्टेटस' या टॉपिकवर पाठवत होती आणि गोदाम त्याच नावाच्या क्यूवर कान लावून बसलं होतं. एरर येणार कुठून? अ‍ॅक्टिव्हएमक्यू नसलेली क्यू मागितली की आपणहून तयार करून देतो. ही सोय डेव्हलपमेंटमध्ये छान वाटते, प्रॉडक्शनमध्ये मला ती अजिबात आवडत नाही.

सेटिंग 'ट्रू' केल्यावर मेसेज येऊ लागले, पण अ‍ॅप रीस्टार्ट होत असताना आलेले हरवायला लागले. टॉपिकचा नियमच तो: त्या क्षणी जोडलेल्यालाच मेसेज मिळतो. म्हणून पुढच्या कमिटमध्ये सबस्क्रिप्शन ड्युरेबल केलं गेलं. ड्युरेबल सबस्क्रिप्शनची ओळख दोन गोष्टींनी ठरते, क्लायंट आयडी आणि सबस्क्रिप्शनचं नाव. ही जोडी ब्रोकर लक्षात ठेवतो आणि तुम्ही नसताना आलेले मेसेज तुमच्यासाठी राखून ठेवतो.

एका क्लायंट आयडीने एका वेळी एकच कनेक्शन जोडता येतं. गोदामाचे दोन पॉड झाले आणि दुसऱ्याला 'हा क्लायंट आधीच जोडलेला आहे' असं उत्तर मिळू लागलं. स्प्रिंगचा लिसनर दर 5 सेकंदांनी परत प्रयत्न करतो आणि कधीच हार मानत नाही, त्यामुळे लॉगचा नुसता चिखल. त्यावर कोणीतरी क्लायंट आयडीला पॉडचं नाव चिकटवून टाकलं. एरर गेली, पुल रिक्वेस्टवर दोन अंगठेही पडले. पण पॉडचं नाव दर डिप्लॉयला बदलतं, म्हणजे दर डिप्लॉयला नवी सबस्क्रिप्शन, आणि जुनी मात्र ब्रोकरकडे तशीच.

शिवाय दोन पॉड म्हणजे दोन वेगळे सबस्क्रायबर, त्यामुळे प्रत्येक मेसेज दोघांनाही मिळत होता. गोदामाच्या टेबलवर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा होऊ न देणारा नियम, होतं म्हणून निभावलं. 'डुप्लिकेट की'चा इशारा लॉगमध्ये इतका नेहमीचा झाला होता की तो कोणी वाचतच नव्हतं.

तातडीचा उपाय सोपा: चालू दोन सोडून बाकीच्या सबस्क्रिप्शन काढून टाकल्या. काढल्या की त्यांचे साठलेले मेसेजही जातात, म्हणून आधी गोदामाचं टेबल ऑर्डरच्या टेबलशी ताडून पाहिलं; काही राहिलं नव्हतं. मग डेटा फोल्डरवर नजर ठेवून बसलो. काहाडीबी, म्हणजे ब्रोकरचं ते स्टोअर, मेसेज 32 एमबीच्या लॉग फायलींमध्ये लिहितो आणि एका फायलीतला एक जरी मेसेज कोणाला हवा असेल तरी ती अख्खी फाइल ठेवतो. त्यामुळे बऱ्याच सबस्क्रिप्शन उडवूनही डिस्क हलेना. यादीतलं सगळ्यात जुनं नाव गेलं आणि पुढच्या सफाईत फायली भराभर गळाल्या. ऑर्डरच्या चक्र्या लगेच थांबल्या.

कायमचं काय करायचं यावर वाद झाला. एका सबस्क्रिप्शनवर अनेकांनी मिळून मेसेज घेण्याची सोय जेएमएस या जावाच्या मेसेजिंग स्टँडर्डच्या 2.0 आवृत्तीत, 2013 साली आली; आमचा ब्रोकर 5.16 चा, तो 1.1 च बोलतो. राहिला व्हर्च्युअल टॉपिक, आणि मला विचाराल तर तोच पहिल्यापासून हवा होता. टॉपिकच्या नावाआधी 'व्हर्च्युअलटॉपिक.' लावायचं, आणि गोदामाने 'कन्झ्युमर.गोदाम.व्हर्च्युअलटॉपिक.ऑर्डर.स्टेटस' या क्यूवर ऐकायचं. ब्रोकर प्रत्येक मेसेजची प्रत त्या क्यूत टाकतो, पॉड कितीही असोत, ते आपसात वाटून घेतात. क्लायंट आयडीची भानगडच नाही. बिलिंगचं अ‍ॅप साध्या टॉपिकसारखंच ऐकत राहिलं, फक्त नाव बदललं. गोदामात पब-सब-डोमेन परत 'फॉल्स' करावं लागलं, आणि ते रिव्ह्यूत समजावताना मला पुन्हा सगळा इतिहास सांगावा लागला.

बदलताना क्रम सांभाळावा लागतो. कन्झ्युमरची क्यू तो पहिल्यांदा जोडला गेल्यावरच तयार होते. त्याआधीचे मेसेज त्याच्यासाठी कोणी ठेवत नाही. म्हणून आधी गोदाम डिप्लॉय केलं, कन्सोलमध्ये क्यू दिसली, आणि मगच ऑर्डर सर्व्हिसला हात लावला. जुन्या दोन सबस्क्रिप्शन रिकाम्या झाल्यावर त्याही काढल्या.

ब्रोकरला ऑफलाइन ड्युरेबल सबस्क्रायबर ठरावीक वेळेनंतर आपोआप काढायलाही सांगता येतं; डिफॉल्टला ते बंद असतं. आम्ही मुदत एक दिवस ठेवणार होतो, 86400000 मिलिसेकंद. तेवढ्यात रिपोर्ट टीममधली एक मुलगी म्हणाली, "आमचा जॉब फक्त रविवारी रात्री जोडला जातो हं. तुम्ही सोमवारी रात्रीच आमची सबस्क्रिप्शन उडवाल." मुदत दहा दिवस केली.