हाफ मून बेवरून सॅल्मनला जाताना: लायसन्सपासून धक्क्यापर्यंत माझा अनुभव

हाफ मून बे हे सॅन फ्रान्सिस्कोजवळचं किनाऱ्यावरचं गाव. कॅलिफोर्नियात २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं समुद्रातलं सॅल्मन फिशिंग पूर्ण बंद होतं, त्यामुळे २०२५ ला जूनचे ७ आणि ८ हे दोन दिवस उघडणार कळलं तेव्हाच ठरवलं की जायचंच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ४ ते ७ असे परत चार दिवस होते, पॉइंट रेयस ते पॉइंट सूर या दोन टोकांमधल्या किनाऱ्याच्या पट्ट्यातच.

लायसन्सचं काम सोपं. सोळा वर्षं आणि त्यावरच्यांना लागतं, ऑनलाइन निघतं, २०२५ ला राज्यातल्या रहिवाशांना साठ डॉलरच्या थोडं वर पडत होतं, आणि घेतल्यापासून ३६५ दिवस चालतं. एका दिवसाचं पण मिळतं. खरी धावपळ सीटसाठी झाली. हाफ मून बेच्या पिलर पॉइंट हार्बरमधल्या, माणशी सीट विकून फिशिंगला नेणाऱ्या बोटी बघता बघता भरल्या, मी वेटिंगवर नाव टाकून कॅप्टनला सारखा फोन करत राहिलो आणि कोणीतरी कॅन्सल केल्यावर नंबर लागला.

मग समुद्र बघणं. हाफ मून बेसमोरचा ४६०१२ नंबरचा बॉय (buoy) आहे, म्हणजे लाटा-वारा मोजणारा तरंगता खांब, त्याचे आकडे नेटवर दिसतात. नुसती लाटेची उंची बघून काही कळत नाही, दोन लाटांमधले सेकंद पण बघायचे. सहा फुटी लाट चौदा सेकंदांनी येत असेल तर बोट आरामात वरखाली होते, तीच आठ सेकंदांनी आली तर उभं राहता येत नाही. आणि वायव्येच्या वाऱ्याची गंमत बघा, तो वरचं पाणी बाहेर ढकलतो म्हणून खालचं थंड पाणी वर येतं, त्याच्यावर क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) आणि अँचोव्ही (छोटे मासे) पोसतात आणि त्यांच्या मागे सॅल्मन येतो, म्हणजे आधी काही दिवस वारा हवा आणि आपण जायच्या दिवशी तो पडलेला हवा. मालवणच्या मामाला फोनवर सांगितलं तर त्याला पटेचना, तिकडे १ जूनपासून बंदी, सगळ्या होड्या वर काढलेल्या, आणि हा जूनमध्ये बाहेर पडतोय!

बोटीवर नियम कडक होते आणि ते असायलाच हवेत. गळ बार्बलेस, म्हणजे उलटा काटा नसलेले, माणशी दोन मासे, २० इंचांच्या खालचा सोडायचा, असं २०२५ ला होतं. सॅल्मनच्या दोन जाती, ठेवायचा तो शिनूक, कोहो लागला तर परत पाण्यात. ओळख तोंडात असते. डेकहँडने, म्हणजे बोटीवरच्या मदतनिसाने, माझा मासा जाळीत घेऊन खालचा जबडा उघडून दाखवला, दातांच्या मुळाशी हिरडी काळीकुट्ट, म्हणजे शिनूक. कोहोची तिथे पांढरट असते.

धक्क्यावर फिश अँड वाइल्डलाइफ खात्याच्या बाई उभ्या होत्या. माझ्या माशाचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा पंख कापलेला होता, म्हणजे हॅचरीतला (पिल्लं वाढवून सोडतात त्या केंद्रातला), तर त्यांनी मुंडकं मागितलं, आणि ते द्यावंच लागतं. मला कालवणाला हवं होतं पण आनंदाने दिलं, कारण त्या नाकाडात बारीकशी तार असते, तिच्यावरून हा कुठल्या हॅचरीतून कुठल्या वर्षी सोडला ते कळतं आणि हीच माहिती पुढच्या सीझनच्या हिशोबात धरतात. २०२० ते २०२२ च्या दुष्काळात सॅक्रामेंटो नदीचं पाणी आटलं, तापलं, अंडी आणि पिल्लं मेली, आणि हा मासा साधारण तीन वर्षांनी नदीत परत येतो, म्हणून फटका २०२३ ला दिसला. २०२५ च्या उन्हाळ्यासाठी पूर्ण राज्याला मिळून ७,००० माशांची मर्यादा होती, ती जूनच्या त्या दोन दिवसांतच संपली आणि उन्हाळ्यातल्या बाकीच्या तारखा उघडल्याच नाहीत. कमी दिवस दिले म्हणून चिडणाऱ्यांनी एकदा त्या नदीकडे बघावं असं मला मनापासून वाटतं.

२०२५ च्या सप्टेंबरची मर्यादा ७,५०० होती. मी ४ तारखेची, गुरुवारची सीट घेतली होती, वीकेंडपेक्षा गर्दी कमी असेल म्हणून. तुम्ही बुक करणार असाल तर आधी विचारून घ्या की वाऱ्यामुळे बोट निघाली नाही तर पैसे परत की दुसरी तारीख, कारण त्या वेळी चारच दिवस होते.