मुट्टुकाडूच्या खाऱ्या वाऱ्यातली जुनी घरं

चेन्नईहून महाबलीपुरमला जाताना ईस्ट कोस्ट रोडवर मुट्टुकाडूला ‘दक्षिणचित्र’ लागतं. मद्रास क्राफ्ट फाउंडेशनने १९९६ साली ते लोकांसाठी खुलं केलं. आराखडा वास्तुकार लॉरी बेकरांचा. म्हणायला संग्रहालय, पण बघायची ती घरंच. दक्षिणेकडची, पाडायला निघालेली कितीतरी जुनी घरं विकत घेऊन, सुटी करून इथे पुन्हा उभी केली आहेत.

बाकीचे लोक हातमाग आणि कुंभाराचं चाक बघत होते. मी कोकणातला, त्यामुळे माझी नजर आधी खांबांच्या बुडाशी. समुद्र इतका जवळ, हवा दमट, तरी लाकूड सडलं का नाही?

तमिळनाडूतल्या चेट्टिनाडच्या व्यापाऱ्याच्या घरात उत्तर सापडायला लागलं. ओसरीवरचे सागवानी खांब जमिनीत रुतलेले नाहीत, दगडी तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर, उभे आहेत. खालची ओल वर चढायला वाटच नाही. केरळातल्या, कोट्टयमकडच्या ख्रिस्ती घराच्या भिंतीसुद्धा फळ्यांच्या. लाकडाला लाकूड खाचेत बसवलेलं, म्हणून तर ते घर न मोडता उकलता आलं. शिवाय खिळा कमी म्हणजे खाऱ्या हवेत गंजायलाही कमी. छपराची पाखं इतकी खाली उतरलेली की तिरका पाऊस भिंतीपर्यंत क्वचितच पोचावा. लाकूडही जुन्या झाडांच्या गाभ्याचं. सागाच्या गाभ्यातली द्रव्यं वाळवीला मानवत नाहीत, आणि इतकी वर्षं वाळल्यावर पिळवटायचं ते पिळवटून झालेलं असतं.

म्हणजे इथे नुसतं लाकूड आणलेलं नाही, ते उभं करायची रीतही सोबत आणली आहे. आमच्याकडे नेमकी तीच मागे राहते. घर पाडलं की तुळया-वासे लाकूडवाला घनफुटावर उचलतो आणि तेच खांब एखाद्या रिसॉर्टच्या स्लॅबखाली, थेट सिमेंटात गाडलेले दिसतात. चेन्नईत वर्षाला साधारण १४०० मिलिमीटर पाऊस. रत्नागिरीत तीन हजारांच्या वर. तिथे सिमेंटने धरलेली ओल शिसवालाही सोडणार नाही! (‘हेरिटेज लुक’ची पाटी मात्र झकास असते.)

जुनं लाकूड घेणाऱ्यांनी बुडाचा भाग टोचून बघावा, भोकांतून ताजा भुसा पडतोय का तेही पाहावं, आणि तळखडे विक्रेत्याकडे राहू देऊ नयेत.

दक्षिणचित्र मंगळवारी बंद असतं. निम्मा दिवस हाताशी ठेवा आणि केरळची घरं सकाळीच उरका. दुपारी उकाड्याने जीव जातो.