स्कोअर 98, पण सीट मिळेना

रात्रीच्या स्लीपर गाड्या चालवणाऱ्या एका ट्रॅव्हल्स कंपनीचं तिकीट बुकिंगचं संकेतस्थळ आमच्याकडे तपासायला आलं. लाइटहाउस या गुगलच्या तपासणी साधनाचा ॲक्सेसिबिलिटी स्कोअर, म्हणजे दिव्यांगांना संकेतस्थळ कितपत वापरता येतं याचे गुण, 100 पैकी 98 होता, अहवाल हिरवागार. आमच्या बाजूला रोज स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करणारे एक अंध परीक्षक होते. विंडोजचा लॅपटॉप, त्यावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, माउस काढून ठेवलेला. काम एकच दिलं होतं: पुणे ते नागपूर, खालचा बर्थ, एक तिकीट.

पहिली अडचण तारखेची. कॅलेंडर उघडलं की टॅब दाबूनही कर्सर आत जाईना, कारण प्रत्येक तारीख म्हणजे क्लिक जोडलेला नुसता स्पॅन होता, बटन नव्हे तर मजकुराचा साधा तुकडा. तारीख टाइप करायची सोयही बंद केलेली. ती आम्ही तिथल्या तिथे चालू करून घेतली आणि पुढे गेलो.

खरा घोळ सीटच्या नकाशावर झाला. छत्तीस बर्थ, छत्तीस डिव्ह, म्हणजे स्वतःचा काही अर्थ नसलेले कोडमधले नुसते चौकोन. एनव्हीडीए बाणाने वाचत गेला तर ऐकू येत होतं, ‘क्लिकेबल, क्लिकेबल, क्लिकेबल’. कुठला बर्थ, वरचा की खालचा, रिकामा की भरलेला, काहीच नाही. रिकामा म्हणजे हिरवी कडा, भरलेला म्हणजे करडा, महिलांसाठी राखीव म्हणजे गुलाबी. सगळी माहिती रंगात. लाल-हिरवा रंग ओळखता न येणाऱ्या डोळस प्रवाशाचीही इथे पंचाईतच. भाडं #999999 या करड्या रंगात पांढऱ्यावर लिहिलेलं; त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर, 2.85 भरतो आणि साध्या आकाराच्या मजकुराला 4.5 लागतो. #767676 केलं की 4.54 मिळतात, आणि डिझायनरला फरक जाणवतही नाही.

मग 98 आले कुठून? एक तर चाचणी फक्त मुख्य पानावर चालवली होती. सीटचा नकाशा शोध घेतल्यावरच तयार होतो. दुसरं म्हणजे एखादा डिव्ह बटनाचं काम करतोय हे असल्या साधनाला खात्रीने ओळखता येत नाही. चित्राला पर्यायी मजकूर आहे का एवढंच ते बघतं. तो मजकूर ‘बॅनर 2 फायनल’ असला तरी पास.

परीक्षकांनी अंदाजाने एक बर्थ निवडला आणि दहा मिनिटांचं घड्याळ सुरू झालं. कुणीतरी भल्या हेतूने त्या घड्याळाला एरिया-लाइव्ह ‘असर्टिव्ह’ लावून ठेवलं होतं. एरिया (ARIA) म्हणजे स्क्रीन रीडरसाठी कोडमध्ये द्यायच्या जादा सूचना, आणि ही सूचना म्हणते, बदल झाला की हातातलं सोडून लगेच बोल. परिणाम असा की स्क्रीन रीडर प्रवाशाच्या नावाचा रकाना वाचायला घेई आणि दर सेकंदाला स्वतःलाच तोडून उरलेली वेळ सांगे. फॉर्मचा एक शब्द धड ऐकू येईना. वेळ संपली, बर्थ सुटला, पान पुन्हा पहिल्यापासून. एरिया अजिबात नसतं तर बरं झालं असतं, असं म्हणायची पाळी आली.

दुरुस्तीत सीटच्या डिव्हच्या जागी साधे चेकबॉक्स आले. दिसायला नकाशा तसाच ठेवला, ते काम सीएसएसचं, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडचं. प्रत्येकाचं लेबल पूर्ण: ‘बर्थ 7, खालचा, खिडकी, रिकामा, 1150 रुपये’. खालचा डेक आणि वरचा डेक असे दोन फील्डसेट (गट), प्रत्येकाला लेजंड (शीर्षक). भरलेले बर्थ ‘डिसेबल्ड’, म्हणजे टॅब त्यांच्यावर थांबत नाही, पण बाणाने वाचता येतात. भरलेल्यावर फुली आणि राखीववर अक्षर आलं, त्यामुळे रंगावरचा भार गेला. डेव्हलपर आधी डिव्हलाच रोल (हा घटक काय आहे ते सांगणारी खूण), टॅबइंडेक्स (टॅबने तिथे पोचता येण्याची सोय), एंटर आणि स्पेसचे इव्हेंट लावायला निघाला होता. तो मार्ग चालतो, पण चार गोष्टी हाताने जोडाव्या लागतात आणि पुढच्या बदलात एक हमखास निसटते. चेकबॉक्सला लागतं ते सगळं ब्राउझरकडून फुकट मिळतं.

घड्याळाला ‘टायमर’ हा रोल दिला. तो आपणहून बोलत नाही. शेवटची दोन मिनिटं उरली की एकदाच सूचना, आणि वेळ वाढवायचं बटन. बोर्डिंग पॉइंटची चौकट उघडली तरी फोकस, म्हणजे कीबोर्ड जिथे काम करतो ती जागा, मागच्या पानावरच राहत होता. तिथे एचटीएमएलचा डायलॉग ‘शो-मोडल’ने उघडला, फोकस आत जातो, एस्केपने चौकट बंद होते आणि मागचं पान निष्क्रिय राहतं. ओटीपीचे सहा वेगवेगळे चौकोन काढून एकच रकाना केला, ऑटोकम्प्लीटला, म्हणजे रकाना आपोआप भरण्याच्या सोयीला, ‘वन-टाइम-कोड’. पेस्ट करणंही सोपं झालं, ज्याचा फायदा सगळ्यांनाच.

मराठीचा प्रश्न वेगळाच होता. पान मराठीत, पण एचटीएमएलमध्ये नोंदवलेली भाषा ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी. त्यामुळे मजकूर इंग्रजी आवाजाकडे जायचा, आणि बऱ्याच इंग्रजी आवाजांना देवनागरी वाचताच येत नाही. ती ‘एमआर’, म्हणजे मराठी, केल्यावर एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीकचा मराठी आवाज लागला. तो कानाला यांत्रिक वाटतो, पण शब्द कळतात. तिकीट रद्द करण्याच्या नियमांची पीडीएफ मात्र युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होती. डोळ्यांना मराठी, आत रोमन अक्षरांचा काला. स्क्रीन रीडर तो कालाच वाचतो. ती पुन्हा टाइप करण्यावाचून इलाज नव्हता. जुन्या डीटीपीच्या फायली जपलेल्या प्रत्येक मराठी व्यवसायाकडे असं काहीतरी सापडेल.

मालकांचे दोन प्रश्न होते. हे कायद्याने लागतं का? लागतं: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 46 सरकारी आणि खासगी, दोन्ही सेवादात्यांना लागू आहे. संकेतस्थळं आणि ॲप दिव्यांगांना वापरता यावीत यासाठी भारतीय मानक म्हणून आयएस 17802 आहे, आणि 30 एप्रिल 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंतची पोच राज्यघटनेच्या कलम 21 शी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी, जोडली. दुसरा प्रश्न, बऱ्याच संकेतस्थळांच्या कोपऱ्यात दिसणारं, एका ओळीच्या कोडने बसणारं ते ॲक्सेसिबिलिटीचं गोल बटन लावून भागणार नाही का? नाही. ते अक्षरं मोठी करील, रंग उलटे करील. छत्तीस डिव्हना नावं कुठून देणार? अंध वापरणाऱ्याकडे स्वतःचा स्क्रीन रीडर असतोच, त्यात दुसरा बोलायला लागला की कटकट वाढते.

पेमेंटचं पान बाहेरच्या गेटवेचं, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपनीचं, त्यात हात घालता येत नव्हता. मोबाइलवर ते आधी क्यूआर कोड दाखवायचं. आपल्याच फोनच्या पडद्यावरचा कोड त्याच फोनच्या कॅमेऱ्याने टिपणार कसा, हा प्रश्न डोळसांनाही पडावा. गेटवेच्या सेटिंगमध्ये क्यूआर खाली ढकलून थेट यूपीआय ॲप उघडणारा पर्याय वर आणता आला. उरलेल्या दोषांची यादी, कुठल्या पायरीवर एनव्हीडीए नेमकं काय बोलला याच्या नोंदीसह, गेटवेकडे पाठवली आहे.