आऊट

जेवणानंतरच्या तासाला रनआऊट शिकवायला घेऊ नये, हे मला दर वर्षी कळतं आणि दर वर्षी मी ते विसरतो. फळ्यावर 'रनआऊट' लिहिलं की शेवटचा बाक क्रिकेटच्या आशेनं दचकून जागा होतो. मग मी ड्रॉइंगवरची एक लांबट चौकट काढतो, शाफ्ट म्हणजे यंत्रातला दांडा फिरताना किती हलला तर चालेल ते सांगणारी. तिच्या पहिल्या घरात तिरका बाण, दुसऱ्यात ०.०२, तिसऱ्यात ए-बी. बाक पुन्हा झोपतो.

परवा मात्र पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, शाफ्ट गोल आहे हे मायक्रोमीटरनं बघितलंय ना? मग परत फिरवून काय बघायचं?"

मायक्रोमीटर दोन जबड्यांत धरून जाडी मोजतो, तेव्हा प्रश्न चांगला होता. उत्तरही तयार होतं. पण नेमकी तेव्हा माझी नजर वर गेली. वर्गातला पंखा कमरेत लचकत फिरत होता. हा माझा जुना रोग. फिरणारं काहीही दिसलं की डोळे त्याच्या कडेला जाऊन चिकटतात. रसवंतीचं चाक, पुढे चाललेल्या टेम्पोचं मागचं टायर, पिठाच्या गिरणीची पुली. मुलगी बघायला गेलो तेव्हाही पंख्याकडेच बघत होतो, असं बायको अजून चारचौघांत सांगते.

रोगाचं मूळ एसटी स्टँडमागच्या सायकलच्या दुकानात आहे. तासावर भाड्यानं सायकल मिळायची. मी ती गटारात घातली. पुढचं चाक असं झालं की दर फेऱ्याला चिमट्याला घासून 'खस्स' करायचं. घरी कळलं तर पाठ सोलून निघणार, म्हणून हातात धरून, चालत परत आणली. दुकानवाल्या मामांनी काही न बोलता सायकल उलटी केली, चाकाला टिचकी मारली आणि म्हणाले, "आऊट हाय. बस हितं."

मग त्यांनी खडूचा तुकडा घेतला. हात चिमट्यावर टेकवला, खडू रिमच्या अगदी जवळ नेला आणि चाक सावकाश फिरवलं. जिथं रिम बाहेर आली होती तिथंच खडू लागला, बाकी रिम काळीच्या काळी. पांढऱ्या रेघेपाशी चाक थांबवून त्या अंगाचे स्पोक जरा सैल, समोरच्या अंगाचे जरा ताठ. चावीचा अर्धा फेरा, त्याहून जास्त नाही. पुन्हा फिरव, पुन्हा खडू. रेघ आखूड होत गेली. पुढच्या चाकाला ३२ स्पोक असतात हे मी त्या दिवशी मोजलं, कारण मान वर करायची हिंमत नव्हती. डाव्या-उजव्या अंगाचा आऊट निराळा आणि वर-खाली उड्या मारणारा निराळा, हेही मामांनीच सांगितलं. पुढे पुस्तकात त्यांची भारदस्त नावं भेटली, नवीन काही भेटलं नाही. पैसे किती घेतले आठवत नाही. वडिलांना सांगितलं नाही, एवढं आठवतं.

लेथवर चार जबड्यांच्या फोर-जॉ चकमध्ये जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, मधोमध सेट करताना आमचा ऑपरेटर तोच खडू वापरायचा. नंतर डायल गेज आला, म्हणजे जॉब किती हलतो ते सुईनं दाखवणारं घड्याळ. मध्य ०.०५ नं सरकला असेल तर डायल ०.१० दाखवतो, निम्मं करायला अर्धा वर्ग परीक्षेत विसरतो. त्यांना हसायचा मला अधिकार नाही. पहिल्याच नोकरीत माझ्या सहीनं पास झालेले २४ शाफ्ट परत आले होते. ऑइल सील, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणारी कडी, गळत होती. ड्रॉइंगवर ए आणि बी म्हणजे बेअरिंगच्या दोन जागा, असं स्पष्ट होतं. मी शाफ्ट दोन टोकदार सेंटरांच्या मधे, टोकांना धरून सीलची जागा तपासली, सुई जेमतेम एक रेघ हलली. बेअरिंगच्या जागा वेगळ्या सेटिंगमध्ये ग्राइंड झालेल्या, त्यांचा मध्य सेंटरांशी जुळतच नव्हता. आणि शाफ्टला जन्म काढायचा होता बेअरिंगमध्ये, माझ्या सेंटरांवर नाही. प्रत्येक जागा आपापली गोल होती हो. शाफ्ट तेवढा नाचत होता.

असो. मुलगी अजून उभीच होती. मी खिशातून पन्नास पेन्सचं नाणं काढलं. एका जुन्या विद्यार्थ्यानं इंग्लंडहून आणून दिलेलं. २५-५०चा मायक्रोमीटर तिच्या हातात दिला आणि म्हटलं, मोज.

"२७.३," ती म्हणाली. नाणं थोडं फिरवलं. "२७.३." आणखी फिरवलं. मागून कोणीतरी म्हणालं, "गोल आहे, सर."

"आता डोळ्यांनी बघ."

सात कोपरे. १९६९ पासून इंग्रज हे नाणं खिशात घेऊन हिंडतायत. कुठूनही मोजा, रुंदी तीच. सेंटरांत न धरताच शाफ्ट घासणारा सेंटरलेस ग्राइंडर बिघडला की असलेच तीन, पाच कोपऱ्यांचे 'गोल' शाफ्ट काढतो आणि मायक्रोमीटर बिचारा त्यांना पास करतो.

तिनं नाणं दोन बोटांत धरून हळूच फिरवलं. दुसऱ्या हाताच्या बोटाचं नख कडेजवळ धरलं. कोपरा आला की नख लागायचं, मग सुटायचं, मग लागायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटचा बाकही उठून पुढे आला. नाणं या हातातून त्या हातात फिरायला लागलं, तेवढ्यात घंटा झाली आणि वर्ग रिकामा झाला.

पंख्याचं मी ऑफिसात लिहून दिलंय. नाणं अजून परत आलेलं नाही.